तूर पारखणारी दाढ

चाचा पाचव्यांदा आले तेव्हा मी पडद्याआडून माझ्या मदतनीस बाईंना म्हटलं, सांगा त्यांना, डॉक्टर गावाला गेल्यात. माझा दवाखाना दोन खोल्यांचा आणि मध्ये एक कापडी पडदा. माझा आवाज त्या पडद्यातून बाहेरच्या बाकापर्यंत स्वच्छ जातो, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. बाई बाहेर जाऊन काही बोलायच्या आतच चाचांचा आवाज आला, "मॅडमले म्हना, गावावून आल्या का मले आवाज देजा. मी बसतो." आणि ते खरोखर बसले. दीड तास बसले. शेवटी मीच वैतागून पडदा बाजूला केला आणि म्हटलं, या चाचा, आले मी गावाहून.

चाचा माझ्या नात्यातले कुणी नव्हते. अकोल्याच्या एका दालमिलमध्ये चाळीस वर्षं ते तूर पारखायचं काम करत होते. हर्रासाला, म्हणजे लिलावाला, येणारे शेतकरी, हमाल, अडते सगळेच त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. पासष्टी ओलांडलेला, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालणारा माणूस. आवाज कधी चढायचा नाही, आणि माझ्यासारख्या तापट बाईला अशा माणसाचा जास्तच संताप येतो.

तूर पारखायची त्यांची रीत मी एकदा मिलमध्ये जाऊन पाहिली होती. तुरीची चुंगडी, म्हणजे पोतं, उघडली की ते कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि तीन दाणे काढायचे, एक वरचा, एक मधला, एक तळाचा. तिन्ही एकामागून एक खालच्या डाव्या दाढेखाली ठेवून दाबायचे. सुकी तूर कट्‌ आवाज करून दोन डाळी होते, ओली तूर दबते आणि चिकटते. हे तर कुणालाही कळेल. पण जी धड सुकीही नाही आणि धड ओलीही नाही, जी पोत्यात भरून ठेवली तर महिन्याभरात बुरशी धरेल, ती ओळखणारा मिलच्या यार्डात एकच माणूस होता. चाचा दाणे रुमालात थुंकायचे आणि एक शब्द बोलायचे, सुकी किंवा वली. त्यानंतर त्यावर कुणी वाद घालायचं नाही. ना विकणारा, ना घेणारा.

मिलमध्ये ओलावा मोजायचं मशीन होतं. पण ते सकाळी एक आकडा दाखवायचं, दुपारी ऊन चढलं की दुसरा, आणि शेवटी ते मिलमालकाचं मशीन होतं. त्या वर्षांत शेतकऱ्याचा कशावरच विश्वास उरला नव्हता. बियाणं बनावट निघायचं, औषध भेसळीचं निघायचं, पाऊस तर कुणाच्या बापाचा नव्हता. त्यात चाचांची दाढ तेवढी कुणाच्या बाजूची नाही, असं लोक मानायचे. पगार मिलचा घेत असले तरी मानायचे.

आणि नेमकी तीच दाढ दुखायला लागली. डावीकडची खालची पहिली मोठी दाढ. उजवीकडे वरखाली जुळणाऱ्या दाढाच नव्हत्या, तरुणपणीच कुणीतरी उपटून टाकल्या होत्या, तेव्हा तिकडून दाणा दाबायचा प्रश्नच नव्हता.

मी रूट कॅनाल केलं. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला दोन मुळं असतात. पुढच्या मुळात दोन नळ्या आणि मागच्यात एक, कधी दोन. चाचांच्या दाढेत मला तीन सापडल्या. तिन्ही मी नीट साफ केल्या, भरल्या, एक्स-रे काढला. इतका सुरेख आला होता तो एक्स-रे की मी चाचांना उजेडाकडे धरून दाखवला, पोरीच्या लग्नाचा फोटो दाखवावा तसा. चाचांनी मान हलवली. महिन्याभरात ते परत आले. दाबलं की दुखते म्हणाले. मी दाढ पुन्हा उघडली, पुन्हा साफ केली, आठ दिवस औषध ठेवलं, पुन्हा भरली, वर कॅप बसवली. पुन्हा आले. मग कॅप थोडी घासली. पुन्हा आले. गोळ्या दिल्या. पुन्हा आले.

माझी खात्री होती की दोष त्यांच्या सवयीचा आहे. पहिल्या दिवशी मी स्पष्ट सांगितलं होतं, सहा महिने या दाढेवर कडक काही चावायचं नाही. ते हो म्हणाले आणि त्याच संध्याकाळी मिलमध्ये जाऊन तूर चावून आले. कच्चं सिमेंट अजून वाळलंही नव्हतं. विचारलं तर म्हणाले, तीनच दाने चावले. तीन दाणे एका पोत्याचे. पोती दिवसाला किती, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्या धंद्यात अशा पेशंटांची कमी नाही. कुणी दाढेत तंबाखूची चिमूट भरून येतं, कुणी पेट्रोलचा बोळा ठेवून येतं, कुणी चार फेऱ्यांतल्या दोनच करतं आणि ठणका थांबला की गायब होतं. मग दीड वर्षानं गाल सुजवून येतं आणि अख्ख्या बाकासमोर सांगतं, मॅडम, तुमीच केलती ही दाढ. शेंगदाणे चावू नका म्हटलं की फुटाणे चावतात. तुम्ही तर शेंगदाणे म्हनलं होतं, हे वर. त्यामुळे पाच वेळा आलेला माणूस मला पाचव्यांदा तेच सांगायला लागला की माझं डोकं फिरायचं.

त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर चाचा म्हणाले, "दाना पुढच्या अंगानं दाबला तं आवाज देते, मॅडम. मांगच्या अंगानं चूप राह्यते. अन्‌ पुढच्या अंगात बी अलीकडं नाही, पलीकडं नाही. मधात."

मी म्हटलं, चाचा, दात दुखतो तेव्हा भल्याभल्यांना वरचा की खालचा हे सांगता येत नाही आणि तुम्ही मला मुळाचा पत्ता सांगताय. पुढच्या मुळात दोन नळ्या असतात, एक गालाकडे, एक जिभेकडे. दोन्ही मी स्वतः भरल्यात. मधात काही नसतं.

"मंग बोलून कोन राह्यलं?" चाचांनी विचारलं.

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण मला तो टोमणाच वाटला. मी चांगली पाच मिनिटं बोलले. तूर चावायची सवय, वय, हट्ट, सगळं काढलं. आणि शेवटी म्हटलं, आता एकच उपाय उरलाय, काढून टाकू. ठणका तरी संपेल.

चाचांनी जिभेनं ती दाढ चाचपली. मग त्यांनी विचारलं की दाढ काढून तिथे नकली बसवली तर तिच्याखाली दाण्यातला फरक कळेल का. इथे मात्र मी खोटं बोलले नाही. दात हाडात थेट रोवलेला नसतो, मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक पातळसा पडदा असतो. दाणा किती कडक आहे, किती दबला, हे त्या पडद्याला कळतं, दातातल्या नसेला नाही. म्हणून तर नस काढल्यावरही चाचांना ओली-सुकी कळत होती. दाढ काढली की तो पडदाही जातो. हाडात स्क्रू रोवून नकली दाढ बसवा नाहीतर काढायघालायची बसवा, भाकरी चावता येईल, पण तूर पारखता येणार नाही. हे मी त्यांना सांगितलं.

"मंग थांबा थोडं," चाचा म्हणाले आणि उठले.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला आजही स्वतःचाच राग येतो. अमरावतीत माझी एक वर्गमैत्रीण होती, तीही दातांचीच डॉक्टर. तिनं वर्ष-दीड वर्षापूर्वी मायक्रोस्कोप घेतला होता. भिंतीला टांगलेला, लांब हाताचा, दाढेच्या आतली जमीन ताटाएवढी मोठी करून दाखवणारा. तो दाखवायला तिनं आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं, आणि चहा पिता पिता मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "अगं, इथं माणसं जिवाला कंटाळलीत, आणि तू दातात दुर्बीण घालून काय शोधणार आहेस?"

ती म्हणाली, "का गं, त्यांच्या दाढा दुखत नाहीत?"

लोक हसले. मला ते लागलं. चूक माझी होती म्हणून जास्तच लागलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. दिवाळीचा फोनही नाही. चाचांनी "मधात" म्हटलं त्याच संध्याकाळी ती दुर्बीण मला आठवली होती. पण फोन करायचा म्हणजे नाक मुठीत धरून जायचं. मी स्वतःची समजूत घातली की काही नसणारच आहे तिथं, उगीच म्हाताऱ्या माणसाला अमरावतीपर्यंत दामटायचं. असं करत तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत तुरीचा हंगाम भरात आला आणि चाचांच्या हातून चूक झाली.

ते मला सांगायला आले तेव्हा दुपारची वेळ होती, दवाखान्यात कुणी नव्हतं. खुर्चीत न बसता ते बाकावरच बसले. बाळापूरकडच्या एका शेतकऱ्याची तूर आली होती. चाचांनी तीन दाणे घेतले, पण पुढच्या अंगानं दाबलं की कळ जायची म्हणून आता ते पूर्ण जोर लावत नव्हते. दाणा फुटला नाही. ते म्हणाले, वली. भाव पडला. त्या माणसानं एकदा चाचांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पडत्या भावानं माल दिला. दुसऱ्या दिवशी तोच माल भरडायला घेतला तेव्हा चाचा शेजारी उभे होते. त्यांनी मूठभर उचलून दगडावर टाकून फोडली. तूर खडखडीत वाळलेली होती.

मिलच्या मुनीमजींनी म्हटलं, सोडा चाचा, एखाद वेळी होते. मालकाचं तर नुकसान झालंच नव्हतं. पण चाचांनी त्याच दिवशी मालकाला सांगितलं की दाढ बरी होईपर्यंत मी दाणा तोंडात घालणार नाही. मालकानं मशीनवरचं कापड काढलं. आता सगळी पारख मशीनवर, आणि यार्डात रोज भांडणं.

"खोटं बोलन्यापरीस घरी बसलेलं बरं," चाचा म्हणाले. "पन घरी बसून बी काय करू? मले दुसरं काई येत नाही."

मी एकदम भडकले. कुणावर भडकले होते ते मात्र मला ठाऊक होतं. चाचा गेल्यावर पंधरा मिनिटांत मी अमरावतीला फोन लावला. मैत्रिणीनं माझा आवाज ओळखला, पण कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की तिरका एक्स-रे काढला होतास का. मी काढला नव्हता. समोरून इतका सुरेख आला होता, तिरका कशाला काढते मी. ती म्हणाली, रविवारी घेऊन ये.

अकोला-अमरावती रस्त्याबद्दल काही बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण राहवत नाही. तो रस्ता त्या वर्षांत रुंद होत होता. म्हणजे अर्धा उकरून ठेवला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर अख्खा महाराष्ट्र चालला होता. मूर्तिजापूरपर्यंत माझ्या गाडीचा रंग ओळखू येईना. धुळीनं घसा बसला. एका वळणरस्त्यावर ट्रक आडवा झाला होता, तिथे पाऊण तास. मी सगळ्या खात्यांना, कंत्राटदारांना आणि पुढच्या जीपवाल्याला बोल लावत होते. चाचा शेजारी शांत बसले होते. त्यांच्या मांडीवर एका रुमालाला दोन गाठी मारलेल्या होत्या. काय आहे विचारलं तर म्हणाले, एकीत सुकी तूर, एकीत वली. म्हटलं, कशाला? म्हणाले, त्या मॅडमले दाखवाले. मी स्टिअरिंगवर हात आपटला. पाच वेळा ज्या गोष्टीसाठी मी या माणसाला झापलं, तीच तो रुमालात बांधून माझ्याच गाडीतून नेत होता.

आणि माझ्या मैत्रिणीनं काय केलं? तिनं त्या गाठी सोडल्या. चाचांना म्हणाली, चावून दाखवा. एकेक दाणा तिनं चिमट्यानं धरून दाढेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यावर ठेवला, दाबायला सांगितलं, आणि दरवेळी त्यांचं म्हणणं कागदावर लिहून घेतलं. मागे, काही नाही. पुढे गालाकडे, थोडं. पुढे जिभेकडे, थोडं. पुढे मधोमध, आणि चाचांचा डोळा मिटला. पाच मिनिटंही लागली नाहीत. माझ्याकडे ते दर वेळी हेच सांगायला येत होते आणि मी त्यांना आ करा म्हणून गप्प करत होते.

मग तिरका एक्स-रे झाला. त्यात खात्रीनं काही दिसलं नाही, पुढचं मूळ जरा रुंद वाटलं इतकंच. तिनं दाढेभोवती रबराचा पडदा ताणला, कॅप काढली, माझं सिमेंट काढलं. नस काढलेली दाढ म्हणून बधिर करायची सुई दिली नव्हती. मायक्रोस्कोप ओढून घेतला आणि भिंतीवरच्या पडद्यावर चाचांच्या दाढेची जमीन दिसायला लागली. मी भरलेल्या तिन्ही नळ्यांची गुलाबी तोंडं दिसत होती. पुढच्या दोघींच्या मध्ये एक बारीक तपकिरी रेघ होती.

ती रेघ मी आधी पाहिली होती. दोनदा. माझ्या डोक्यावरच्या दिव्यात मला ती डागासारखी वाटली होती.

मैत्रिणीनं अगदी बारीक टोकाचं कंप पावणारं हत्यार त्या रेघेवरून फिरवलं. मी पडद्याकडे बघत होते. पांढरा भुगा उडायचा, ती थांबून पाणी मारायची, पुन्हा फिरवायची. घाई नाही. मला तिच्या त्या न घाई करण्याचाही राग येत होता. वीसेक मिनिटांनी रेघेच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. तिनं सगळ्यात बारीक फाईल, म्हणजे नळी साफ करायची तार, त्यात टेकवली. फाईल अडकली. तिनं ती केसभर आत सरकवली आणि अंगावरच्या चादरीखालून चाचांचा हात वर आला. आत जिवंत नस होती. माझ्या दोन नळ्यांच्या मध्ये तिसरी होती, अख्खी, मुळापर्यंत गेलेली.

अशी नळी क्वचित असते. पुस्तकात तिचा उल्लेख असतो, मी तो वाचलाही होता. पण सांगणारा माणूस समोर बसून बोट ठेवून सांगत होता तेव्हा मी त्याला पुस्तकातल्या नेहमीच्या आकृतीनं उत्तर दिलं होतं. मला लाज वाटली. मैत्रिणीनं सुई दिली आणि काम पुढे चालू ठेवलं. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

काम संपल्यावर तिनं चाचांना पडद्यावर ते चित्र दाखवलं आणि म्हणाली की तुम्ही सांगत होता ते बरोबर होतं. चाचांनी चित्र पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. येताना रस्ताभर ते काहीतरी बोलतील म्हणून मी तयारीत बसले होते. उत्तरंही जुळवून ठेवली होती. बडनेऱ्याच्या पुढे गेल्यावर कळलं की ते झोपलेत.

पंधरा दिवसांनी नळी भरायला पुन्हा एकदा अमरावती झाली. चैत्र लागता लागता चाचांनी पुन्हा दाणा तोंडात घातला. हंगामाची अखेरची तूर होती, पण यार्डातली भांडणं थांबली. मला हे आमच्या बाकावरच्या पेशंटांकडून कळलं, तेही आधी भलत्याच दाढेच्या तक्रारी सांगून झाल्यावर.

मग एका संध्याकाळी चाचा आले. मी न बोलावता आत येऊन खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले. दाढ कशी आहे विचारलं, तर चांगली आहे म्हणाले. मग कशाला आलात, हे मला तोंडावर विचारवलं नाही.

"मॅडम, एक विचारू? माह्यासारखे आनखी कोनी होते का? ज्याईले तुमी म्हनलं का तुमचीच सवय खराब हाय?"

मला पुन्हा राग चढला. मी म्हटलं, असतील. इतकी वर्षं दवाखाना चालवतेय. तेव्हा अशा दुर्बिणी नव्हत्या, आम्हाला बोटांच्या अंदाजानंच काम करावं लागायचं, आणि पेशंट ऐकत नाहीत हेही खरंच आहे. मी बरंच बोलले. चाचांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, त्यांच्या दाढांचं काय झालं.

म्हटलं, काढल्या.

तेव्हा चाचांनी सांगितलं की काम सोडलं त्याच आठवड्यात, जुम्म्याची नमाज झाल्यावर, ते एसटीनं बाळापूरला उतरून त्या शेतकऱ्याच्या गावी गेले होते. त्याला शोधून काढलं आणि सांगितलं, भाऊ, तुही तूर सुकी होती, मी चुकलो. त्या माणसानं बसायला खाट टाकली, पाणी दिलं.

मी वैतागून म्हटलं, पण चाचा, याचा उपयोग काय? त्याची तूर तर पडत्या भावात विकून झाली होती.

"इकून झालती म्हनूनच तं गेलो," चाचा म्हणाले. "नसती इकली तं यार्डातच सांगतलं असतं."

एवढं बोलून ते गेले. त्या रात्री नाही, पण पुढचे चार दिवस मी जमेल त्या प्रत्येकावर खेकसत होते. खेकसून झालं की मला एकच बाई आठवायची. पातूरची, अंगणवाडीत काम करणारी. तिच्या दाढेवर मी तीनदा काम केलं होतं. तिलाही दाबलं की दुखायचं. ती सुपारी फोडते म्हणून मी तिला रागावले होते, आणि शेवटी दाढ काढून तिच्या हातात कापसाचा बोळा दिला होता. जाताना ती मला थँक्यू म्हणाली होती. तिच्या दाढेत तिसरी नळी होती की नव्हती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दाढ कचऱ्यात गेली त्याला किती वर्षं झाली.

पाचव्या दिवशी दवाखाना बंद ठेवून मी पातूरला गेले. अंगणवाडी विचारत विचारत तिचं घर सापडलं. ती अंगणात शेवया वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, बसले असते तर कदाचित बोलणं वळवलं असतं. म्हटलं, तुमची दाढ मी काढली ती बहुतेक काढायची गरज नव्हती. माझ्याकडून काहीतरी बघायचं राहिलं असेल. तुमच्या सुपारीचा दोष नव्हता.

तिनं शेवयांवरचा हात काढला.

"मंग ते दाढ चांगली होती?"

मी म्हटलं, चांगली असावी.

रागावेल, ओरडेल, म्हणेल की आता कशाला आल्या, याची मी वाट पाहत होते. मग तिनं पदरानं ओठ पुसले, आ केला आणि दुसऱ्या बाजूच्या दाढेवर बोट ठेवलं.

"इकडची बी दुखून राह्यली," ती म्हणाली. "दोन वर्सं झाले. तुमी हे बी उपटसान म्हनून मी आलीच नाही."

मी तिच्यासमोर अंगणातच खाली बसले आणि विचारलं, नेमकी कुठं दुखते, ते सांगा.